आभाळ त्यांचं, खड्डा आपला

तीर्थस्वरूप दादा यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (यातलं शिर तेवढं खरोखर टेकवलं आहे. बाकीची अंगं वाकवायला गेलो तर परत उठवायला माणूस लागेल, आणि घरातली दोन्ही माणसं सध्या कामात आहेत.) तुमची, वहिनींची आणि मुलांची तब्येत उत्तम असेल अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. म्हणजे माझी कंबर सोडून, आईंचा गुडघा सोडून आणि तुमच्या बहिणीचा स्वभाव सोडून. पण तो तुम्ही आम्हाला लग्नात तसाच दिला होता, त्यामुळे आता तक्रारीला जागा नाही.

पाकीट बघून दचकला असाल. हल्ली पत्र आलं की एक तर बँकेचं असतं, नाही तर कोर्टाचं. फोनवर सांगायचं सोडून मी कागद काळे करतोय याला कारण आहे. आईंनी मला आणि तुमच्या बहिणीला सक्त ताकीद दिली आहे की यातलं एक अक्षर दादाला फोनवर सांगायचं नाही. पत्राबद्दल मात्र त्या काहीच बोललेल्या नाहीत. म्हणजे पत्र हा विषय त्यांच्या बंदीच्या अखत्यारीत येत नाही. एरवी मी इतका बारीक विचार करणारा माणूस नव्हे. छापखान्यात आयुष्य गेलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं जसंच्या तसं छापायचं एवढंच येतं. पण गेल्या वर्षभरात तुमच्या बहिणीच्या सहवासात राहून अखत्यार म्हणजे काय ते मला कळायला लागलंय, आणि ती सगळी हकीकत तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खालच्या वस्तीचं तुम्हाला नव्याने काय सांगायचं, तुमचा जन्मच इथला. वरून सगळं गडगडत आमच्याकडे येतं: पावसाचं पाणी, वरच्या पोरांचे चेंडू, बाजारातला कचरा. एक मोबाइलची रेंज तेवढी खाली उतरत नाही. त्यासाठी चढण चढून पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जायचं. तिथे सकाळ-संध्याकाळ आमच्या वस्तीची सभाच भरलेली असते. शिंपी गिऱ्हाइकाला खोटं सांगतोय, कोणाची सोयरीक मोडतेय, कोणी डॉक्टरला पोटाची हकीकत तपशिलाने सांगतोय, आणि बाकीचे सगळे दुसरीकडे बघत कान देऊन ऐकतायत. म्हणून आमच्याकडे फोन लागला की आधी ‘टाकीवरून बोलतोय’ असं म्हणायची रीत पडली आहे. त्याचा अर्थ असा, की खरं काही विचारू नका, खरं काही सांगणार नाही.

आईसुद्धा दर रविवारी सकाळी तुमच्या फोनसाठी तिथे जायच्या, हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसेल ते हे, की त्यासाठी त्या आदल्या दिवशी कपड्यांना इस्त्री करून ठेवायच्या. (फोनवर कोणी दिसत नाही, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढचे दोन दिवस मला चहा कडूच लागला.) मग गुडघा गेला. डॉक्टरने चढ-उतार बंद केले. तेव्हापासून तुमचा फोन टाकीवर मी घेतो. तुम्ही विचारता, आई कशी आहे. मी म्हणतो, ठीक. खाली येऊन त्यांना सांगतो, दादा ठीक आहेत. त्या विचारतात, “आवाज कसा होता त्याचा?” आता दादा, आवाज कसा होता हे मी काय सांगणार? एकदा म्हणालो, नेहमीसारखा होता. दुसऱ्या वेळी जरा सुधारून म्हणालो, थोडा घोगरा होता. त्यावर त्यांनी रात्री जेवण टाकलं. त्या दिवसापासून मी निरोप्याच्या कामात नापास झालो आहे. स्पष्टच लिहितो, त्यांना तुमची खुशाली नको आहे, ती माझ्याकडून मिळतेच आहे. त्यांना तुमचा आवाज ऐकायचा आहे.

मी खुर्चीत बसवून वर नेतो म्हणालो. शिंपी आणि वाणी खांदा द्यायला तयार होते. (खांदा हा शब्द मी त्यांच्यासमोर वापरायला नको होता.) आईंनी साफ नकार दिला. आपल्या मुलीला म्हणाल्या, “मला वर नेण्यापेक्षा तुमची ती रेंज खाली आणा की. नगरसेविका कशाला झालीस?” फळीवरचा डबा खाली काढून दे म्हणावं त्या सुरात हे सांगून त्या भाजी निवडायला बसल्या. आणि तुमच्या बहिणीने, तुमच्या बहिणीचा स्वभाव तुम्ही जाणताच, ते खरोखरच मनावर घेतलं.

त्या सुमारास नगरपालिकेत एक दूरसंचार उपसमिती निघाली होती. लोकांच्या तक्रारी फार, म्हणून निघाली. आणि तिला कसलाच अधिकार नाही, म्हणून तिचं सभापतिपद कोणी घेईना. हिने मागून घेतलं. सदस्य म्हणून तिच्याबरोबर एकच गृहस्थ दिले, ज्यांना सगळं गाव मानडोले म्हणतं, कारण ठराव आला की त्यांची मान आपोआप उभी हलते. सल्ल्याला नगरपालिकेचे वकील, जे प्रत्येक वाक्य ‘तसं म्हटलं तर’ने सुरू करतात आणि तिथेच संपवतात. पहिल्याच बैठकीला ते म्हणाले की तसं म्हटलं तर फोनची सेवा, तिचे दर, तिची रेंज, हे सगळं वरच्या सरकारचं काम. नगरपालिकेने त्यात बोट घालायचं नाही. मोबाइल कंपनीचे साहेब आले होते (गळ्यात कडक उन्हातही टाय, म्हणून आम्ही त्यांना टायवाले म्हणतो), त्यांनी हेच जास्त गोड शब्दांत सांगितलं. मग हिने वर पत्र लिहिलं. वरून उत्तर आलं की कंपनीला विचारा. कंपनीने लिहिलं की वर विचारा. असं करत पत्रव्यवहार घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिला, आणि आई दर रविवारी मला आवाज कसा होता ते विचारत राहिल्या.

दुसरं कोणी असतं तर इथे हात टेकले असते. मी तर तिसऱ्या पत्रालाच टेकले होते. हिने काय करावं? नगरपालिकेचे सगळे नियम घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचायला बसली. आमटीला उकळी फुटली तरी हिचं लक्ष नाही. (त्या काळात स्वयंपाक मी केला. आईंनी त्याबद्दल मोठ्या मनाने मौन पाळलं.) मी म्हणालो, अगं, यात फोनचं काही नाहीच तर वाचतेस कशाला? ती म्हणाली, आपल्याकडे काय नाही ते सगळ्यांनी सांगितलं, आपल्याकडे काय आहे ते कोणी सांगितलं नाही, ते बघतेय. आणि दादा, निघालं की! आभाळ नाही आपल्याकडे, कबूल. पण रस्ता आहे. फुटपाथ आहे. दिव्याचे खांब, गटारं, खड्डे, मोकाट कुत्री आणि गाड्या कुठे लावायच्या ते, हे सगळं आपलंच आहे. पृथ्वीवर जे जे जमिनीला टेकतं ते नगरपालिकेचं, असा तिने निष्कर्ष काढला, आणि दूरसंचाराचं आख्खं खातं शेवटी कुठे ना कुठे जमिनीला टेकतंच म्हणाली.

आणि ते टेकायलाच आलं. कंपनीला वरच्या बाजारपेठेतला रस्ता खणून नवी केबल टाकायची होती. त्याची परवानगी नगरपालिकेची. मला वाटलं, आता ही अट घालणार, की खाली रेंज द्या मग वर खणा. वकील तर आधीच घाम पुसत होते, की तसं म्हटलं तर अशी अट घालता येत नाही. हिने अटच घातली नाही. तिने फक्त हरकती मागवायची जाहीर सूचना काढली. ती सूचना माझ्याच हातून छापली गेली, त्यामुळे शब्दन् शब्द पाठ आहे: बाजाराचा रस्ता सर्व वस्त्यांच्या वापरातला असल्याने प्रत्येक वस्तीचं म्हणणं ऐकलं जाईल, वृद्ध आणि अपंग नागरिकांची गैरसोय टाळण्यासाठी ते राहत्या घरातून, फोनवर ऐकलं जाईल, आणि सर्व वस्त्यांचं ऐकून होईपर्यंत सुनावणी चालू राहील. वाचून टायवाल्यांना काहीच वावगं वाटलं नाही. उलट नगरपालिका आधुनिक होत चालली म्हणून त्यांनी हिचं अभिनंदन केलं.

सुनावणीच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो. सभागृहातलं ते लांब टेबल तुम्हाला आठवत असेल, काचेला तडा गेलेलं. त्यावर मधोमध फोन. एका बाजूला सभापती, मानडोले आणि वकील, दुसऱ्या बाजूला टायवाले आणि त्यांची फाइल. वरच्या वस्त्यांचे फोन भराभर आले, कोणाची हरकत नव्हती. मग खालच्या वस्तीची पाळी आली आणि फोन गप्प झाला. सगळे फोनकडे बघतायत. मुलगी बघायला आल्यावर ती बाहेर येईपर्यंत पाहुणे आतल्या दाराकडे बघतात ना, तसे. टायवाल्यांनी घड्याळ पाहिलं, पाणी प्यायलं, आणि म्हणाले की त्या लोकांना इथे बोलावून घेऊ. ही म्हणाली, सूचनेत फोनवर असं आहे. मग टाकीवरून करू दे, ते म्हणाले. सूचनेत राहत्या घरातून असं आहे. ते माझ्याकडे वळून म्हणाले, छपाईची चूक असेल. मी उभं राहून सांगितलं की आमच्या छापखान्यात अशा चुका होत नाहीत. (होतात. पण ही नव्हती.) शेवटी ते जरा चिडूनच म्हणाले, की आमच्या सेवेवर तुम्हाला नियंत्रण आणता येत नाही, बाई.

तुमच्या बहिणीने आवाजसुद्धा चढवला नाही. “तुमच्या सेवेचं मी नावही घेत नाहीये, साहेब. मी फक्त फोन वाजायची वाट बघतेय. वाजला की ऐकते, ऐकलं की सही करते.”

सुनावणी तहकूब झाली. पुढच्या तारखेलाही फोन गप्प होता. त्याच्या पुढच्याही. वकील आता घाम पुसायचे बंद झाले होते आणि हिच्याकडे नव्या नवरीकडे बघावं तसे कौतुकाने बघत होते.

मग कंपनीने डोकं लढवलं. सुनावणीच्या सकाळी आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक मोठी गाडी येऊन उभी राहिली. तिच्या टपावर घडीचा मनोरा. चालकाने तो वर चढवला आणि वस्तीत रेंज शिरली. काय सांगू! घराघरातून फोन किंचाळायला लागले. टाकीवरच्या तोकड्या रेंजमध्ये महिनोन्महिने अडकलेले संदेश एकदम येऊन पडले. शिंप्याला एका लग्नाचं आमंत्रण मिळालं, ज्या जोडप्याच्या बाळाचं झबलं तो त्या वेळी शिवत होता. सभागृहातला फोन तर थांबेचना. एकाने गटाराची तक्रार केली, एकीने शेजारणीची, वाण्याने नुसतं ‘लागतोय का बघत होतो’ म्हणून ठेवला. रस्ता खणायला कोणाचीच हरकत नव्हती. टायवाले खुशीत आले. संध्याकाळपर्यंत सुनावणी संपणार, गाडी मनोरा मिटून निघून जाणार, आणि आम्ही पुन्हा टाकीवर. मी मनातल्या मनात आईंना काय सांगायचं ते जुळवत होतो.

पण चालकाने गाडी उभी केली होती ती कचऱ्याच्या गाडीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर. आणि नगरपालिकेचा कुलूपवाला, ज्याला आजवर सगळ्या गावाने शिव्याच दिल्या, तो नेमाने फेरी मारत आला आणि चाकाला कुलूप ठोकून गेला. गाडी जागच्या जागी, मनोरा जागच्या जागी, रेंजही जागच्या जागी. त्या दिवशी वस्तीने कुलूपवाल्याला इतका चहा पाजला की त्याला दुपारची फेरी मारता आली नाही. (हिने त्याला पाठवला होता का? मी विचारलं. ती म्हणाली, तो रोजच येतो, चुकीच्या जागी गाडी लावणारे मात्र रोज येत नाहीत.) टायवाले धावत सभागृहात आले. वकील प्रथमच हसले आणि म्हणाले, “तसं म्हटलं तर, आणि कसंही म्हटलं तर, पार्किंग पूर्णपणे आपल्याच अखत्यारीत येतं.” कुलूप काढायचा अर्ज पार्किंग समितीकडे जातो, आणि तिचे अध्यक्ष कोण, तर मानडोले. साहेबांनी त्यांच्यापुढे हात जोडले. दादा, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, मानडोल्यांची मान आयुष्यात पहिल्यांदा आडवी हलली. स्वतःच दचकले बिचारे.

टायवाल्यांचंही मला कौतुक वाटतं. माणूस वाईट नाही, नोकरी तशी आहे. गाडीपाशी हेलपाटे घालता घालता एक दिवस ते आमच्या ओट्यावर टेकले. आईंनी चहा दिला आणि सहज विचारलं, आईला कधी फोन केला होतास? साहेब कप अर्धा ठेवून उठले, आपल्याच गाडीच्या आडोशाला जाऊन बराच वेळ फोनवर बोलले, आणि परत आले तेव्हा टाय खिशात होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी लिहून आणलं की कंपनी खालच्या वस्तीत कायमचा खांब उभारेल. तो चालतोय याची समितीने पाहणी करायची आणि मगच रस्त्याच्या परवानगीवर सही करायची. जाताना हिला म्हणाले, तुम्ही आमच्या कंपनीत का येत नाही? ही म्हणाली, मला तिथे काही अधिकार नसेल.

तर अशी तुमची बहीण. मी हे तिला तोंडावर सांगत नाही, चढून बसेल. पण तुम्हाला सांगतो, की अधिकार नसलेली खुर्ची घेऊन तिने जे केलं ते अधिकार असलेल्यांना सात जन्मांत जमलं नसतं, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो. वस्तीतली म्हातारी माणसं आता अंथरुणात पडल्या पडल्या डॉक्टरला बोलावतात. टाकीच्या कट्ट्यावर फक्त कावळे बसतात. आणि मी. कारण तुम्ही मला फोन करता तेव्हा मी अजूनही धापा टाकत टाकीवर चढतो आणि ‘टाकीवरून बोलतोय’ म्हणतो. घरातून बोललो तर मागून शेवग्यावरच्या चिमण्या ऐकू येतील, तुम्हाला कळेल की खाली रेंज आली, आणि ते कळू द्यायचं नाही अशी आईंची आज्ञा आहे. कंबर धरली ती यामुळे. अशी आज्ञा का, ते पत्रात मावलं नाही, म्हणून खाली लिहितो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तोही उतारावरून असाच आमच्याकडे येत राहू द्यावा.

आपला,
मेहुणा

ता. क. एक अगदी किरकोळ काम आहे. खांब उभारायला जागा लागते. रेंज सगळ्यांना हवी होती, खांब मात्र प्रत्येकाला शेजाऱ्याच्या अंगणात हवा होता. शेवटी आईंनी आपलं परस देऊ केलं. परस तुमच्या नावावर आहे, तेव्हा तुमची संमती लागेल. शांतपणे विचार करून कळवा, अजिबात घाई नाही.

ता. क. २. खांब उभा आहे, आणि कुलूप निघून गाडीही गेली. कंपनीच्या माणसांनी विचारलं, जागा कोणाची, तर आई म्हणाल्या, माझ्या मुलाची, म्हणजे माझीच, खणा. तुमची बहीण त्या वेळी नियमांचं पुस्तक शोधायला आत गेली होती आणि खड्डा पूर्ण होईपर्यंत ते तिला सापडलं नाही. तुमचा शेवगा वाचवला आहे.

ता. क. ३. आता खरं सांगतो. पाहणी येत्या रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर आहे. बाहेर फोन लागतो हे सगळ्यांनी पाहिलं, पण बाहेरगावचा फोन आत येतो का, ते हिला बघायचं आहे. तो आला तर सही, नाही तर नाही. समितीने विचारलं, कोणाला करायला सांगू या? आई भर बैठकीत म्हणाल्या, सांगायचं कोणाला नाही, रविवारी माझा मुलगा करतो. ही म्हणाली, आई, तो हल्ली तुझ्या नंबरवर करत नाही, लागत नाही असं त्याला वाटतं. त्या म्हणाल्या, “लागत नाही हे ठाऊक असूनसुद्धा एखादे वेळी लावून बघतं माणूस.” त्यावर मानडोलेसुद्धा खाली बघत बसले. गाडी आल्यापासून आईंनी स्वतःहून एकालाही फोन केलेला नाही, तुम्ही करालच म्हणून लाइन मोकळी ठेवली आहे. तेव्हा रविवारी सकाळी, माझ्या नाही, त्यांच्या नंबरवर करा. हे पत्र मिळालंच नाही असं वागा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पहिल्या रिंगला त्या उचलणार नाहीत. लगेच उचलला तर वाट बघत बसलेय असं वाटेल, असं शेजारणीला सांगताना मी ऐकलंय. बराच वेळ वाजू देतील. तेवढ्यात ठेवून देऊ नका.